नकाशा बरोबर, आकडा चुकीचा: जिओपांडास वापरताना या चुका टाळा

पायथनच्या नोटबुकमध्ये जिओपांडास या लायब्ररीने भौगोलिक डेटावर काम करताना लाल अक्षरांत एरर आली, तर फार घाबरायचं कारण नाही. ती दिसते, शोधता येते, सुटते. खरं नुकसान करतात त्या चुका, ज्यांत सगळे सेल (कोडचे तुकडे) सुरळीत चालतात, नकाशाही नीट उमटतो आणि आकडा मात्र चुकलेला असतो. तोच आकडा पुढे अहवालात जातो आणि त्यावर कुणीतरी निर्णय घेतं. म्हणून इथे भर अशाच चुकांवर दिला आहे.

सीआरएस नुसता लिहू नका, बदला

सीआरएस म्हणजे कोऑर्डिनेट कुठल्या प्रणालीत आहेत याची नोंद. जिओपांडासमध्ये ‘सेट_सीआरएस’ आणि ‘टू_सीआरएस’ अशी दोन फंक्शन आहेत. पहिलं फक्त लेबल लावतं: या फाइलमधले आकडे अमुक प्रणालीत आहेत, एवढंच ते सांगतं. दुसरं प्रत्येक बिंदूचे कोऑर्डिनेट प्रत्यक्ष नव्या प्रणालीत नेतं. अक्षांश-रेखांशातल्या डेटाला मीटरमधल्या प्रणालीचं लेबल लावलं, तर ७० अंश रेखांशाचे ७० मीटर होतात आणि अख्खा देश एका गल्लीएवढ्या जागेत मावतो.

लेयरला आधीच दुसरा सीआरएस असेल, तर ‘सेट_सीआरएस’ एरर देऊन थांबतं. त्या एररच्या मजकुरातच ‘अलाउ_ओव्हरराइड’चा उल्लेख असतो आणि घाईत तो पर्याय ‘ट्रू’ करून लोक पुढे जातात. मुळातलं लेबलच चुकीचं आहे याची खात्री असेल, तेव्हाच तो वापरा. एरवी तुम्हाला हवं असतं ते ‘टू_सीआरएस’. आणि ते नवा डेटाफ्रेम (डेटाचा तक्ता) परत देतं, जुना आहे तसाच राहतो. उत्तर व्हेरिएबलमध्ये साठवलं नाही, तर काहीच बदललेलं नसतं.

क्षेत्रफळ अंशांत आणि वेब मर्केटरमध्ये

ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशाच्या प्रणालीत असलेल्या पॉलिगॉनचं (बंद आकृतीचं) ‘एरिया’ काढलं, तर उत्तर चौरस अंशांत येतं. त्या एककाला जमिनीवर अर्थ नाही. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर असतो, ६० अंश अक्षांशावर तो जवळपास निम्मा होतो. जिओपांडास इथे इशारा देतं की डेटा भौगोलिक प्रणालीत आहे आणि उत्तर चुकीचं असण्याची शक्यता आहे. पण नोटबुक स्वच्छ दिसावं म्हणून पहिल्याच सेलमध्ये सगळे वॉर्निंग बंद करण्याची सवय फार पसरली आहे. भौगोलिक कामात ती सवय सोडाच. इथले वॉर्निंग बहुतेक वेळा खरी चूकच दाखवत असतात.

त्याहून फसवा सापळा वेब मर्केटरचा, म्हणजे वेब नकाशांच्या ईपीएसजी ३८५७ या प्रणालीचा. कॉन्टेक्स्टिली या लायब्ररीने पार्श्वभूमीला नकाशा लावायचा म्हणून डेटा या प्रणालीत नेला जातो आणि पुढचे हिशेबही त्याच व्हेरिएबलवर होतात. एकक मीटर आहे, त्यामुळे वॉर्निंग येत नाही. पण विषुववृत्तापासून दूर जाल तसं सगळं फुगत जातं: ४५ अंशावर क्षेत्रफळ सुमारे दुप्पट, ६० अंशावर सुमारे चौपट. ६० अंशावर १००० मीटरचा बफर, म्हणजे आकृतीभोवतीचा पट्टा, काढलात, तर जमिनीवर तो ५०० मीटरच्या आसपासच भरतो. दिसण्यासाठी एक प्रणाली आणि मोजण्यासाठी दुसरी, असे दोन वेगळे डेटाफ्रेम ठेवा.

मोजायला कोणती प्रणाली घ्यावी? परिसर लहान असेल, तर ‘एस्टिमेट_यूटीएम_सीआरएस’ योग्य झोन सुचवतं. यूटीएम ही जगाचे पट्टे पाडणारी मीटरमधली प्रणाली; तिचा झोन ६ अंश रुंद असतो, त्यामुळे अनेक झोनमध्ये पसरलेल्या डेटाला तो चालत नाही. तिथे क्षेत्रफळासाठी समक्षेत्र (क्षेत्रफळ न बदलणारं) प्रक्षेपण घ्या. जगभराच्या डेटासाठी ईपीएसजी ६९३३ सोयीचं आहे. दूरदूरच्या ठिकाणांमधलं अंतर हवं असेल, तर प्रक्षेपणाच्या वाटेला न जाता पायप्रोज या लायब्ररीतलं ‘जिऑड’ वापरा. त्याने क्षेत्रफळही काढता येतं, पण पॉलिगॉनचे बिंदू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असतील, तर उत्तर ऋण येतं.

आधी रेखांश की आधी अक्षांश?

भूमितीच्या शेपली या लायब्ररीचा ‘पॉइंट’ आधी एक्स म्हणजे रेखांश मागतो. जिओजेसन या फाइल प्रकारातही हाच क्रम. वेब नकाशे बनवणाऱ्या फोलियमला मात्र आधी अक्षांश लागतो. पायप्रोज ४३२६ साठी अधिकृत व्याख्येप्रमाणे आधी अक्षांश धरतं, त्यामुळे प्रणाली बदलणारा ट्रान्सफॉर्मर बनवताना ‘ऑलवेज_एक्सवाय’ हा पर्याय ‘ट्रू’ करा. क्रम उलटला आणि दोन्ही आकडे ९० च्या आत असले, तर कुठेच एरर येत नाही, बिंदू फक्त भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात. फाइल वाचल्यावर लगेच ‘टोटल_बाउंड्स’, म्हणजे डेटाच्या चारही कडा, छापून पाहा. चार आकड्यांत ही चूक पकडली जाते.

स्पेशिअल जॉइननंतर ओळी मोजा

जागेवरून दोन लेयर जोडणाऱ्या ‘एसजॉइन’मध्ये काहीच सांगितलं नाही, तर ‘इंटरसेक्ट्स’ (नुसता स्पर्श झाला तरी जोडा) हा नियम लागतो. दोन पॉलिगॉनच्या सामाईक सीमेवरचा बिंदू मग दोन्हींना जोडला जातो. रस्ता तीन पॉलिगॉनमधून जात असेल, तर त्याच्या तीन ओळी होतात, प्रत्येकीत पूर्ण लांबी, आणि बेरीज तिप्पट. लांबी वाटून हवी असेल, तर ‘ओव्हरले’ने तुकडे करा आणि मग मोजा. ‘विदिन’ (आत असेल तरच जोडा) घेतलं, तर उलट अडचण: नेमके सीमेवरचे बिंदू कुणाचेच राहत नाहीत आणि न सांगता लागणाऱ्या ‘इनर’ जॉइनमध्ये ते गुपचूप गळतात. जॉइनच्या आधी आणि नंतर ओळींची संख्या छापणं हा एका ओळीचा कोड आहे. तो प्रत्येक वेळी लिहा.

जॉइन रिकामा आला, तर आधी दोन्ही लेयरचे सीआरएस तपासा. ते वेगळे असले, तरी जिओपांडास काम थांबवत नाही, फक्त वॉर्निंग देतं.

साध्या ‘मर्ज’मध्ये (सामाईक कॉलमवरून तक्ते जोडताना) ठिकाणांचे कोड जुळत नसतील, तर सुरुवातीची शून्यं गेली आहेत का बघा. सीएसव्ही वाचताना कोडचा कॉलम स्ट्रिंग म्हणूनच वाचा.

मोडक्या भूमिती

स्वतःलाच छेदणाऱ्या पॉलिगॉनमुळे ‘टोपोलॉजी एक्सेप्शन’ ही एरर येते. जुना उपाय शून्याचा बफर. तो टाळा: आठच्या आकड्यासारख्या पॉलिगॉनचा अर्धा भाग त्यात नाहीसा होऊ शकतो. ‘मेक_व्हॅलिड’ वापरा आणि नंतर भूमितीचे प्रकार तपासा, कारण काही ठिकाणी पॉलिगॉनसोबत रेषाही उरतात.

रास्टरची सरासरी

रास्टर म्हणजे चौकटी-चौकटींत मूल्यं असलेला डेटा. रास्टेरिओ या लायब्ररीने त्याचा बँड (एक थर) वाचला आणि सरासरी विचित्र आली, तर बहुधा -९९९९ सारखे नोडेटाचे (इथे माहिती नाही असं सांगणारे) आकडे हिशेबात शिरले आहेत. ‘मास्क्ड’ पर्याय ‘ट्रू’ ठेवून वाचा. पण मेटाडेटात नोडेटाची नोंदच नसेल, तर त्यानेही काही होत नाही. किमान आणि कमाल मूल्य डोळ्यांनी बघावंच लागतं. भूवापरासारख्या वर्गांच्या रास्टरला प्रक्षेपण बदलताना ‘निअरेस्ट’च (सर्वांत जवळच्या चौकटीचं मूल्य) हवं. शेजारच्या मूल्यांची सरासरी घेणाऱ्या ‘बायलिनिअर’ने वर्ग १ आणि वर्ग ५ यांच्या मधे वर्ग ३ तयार होतो, जो जमिनीवर तिथे नाहीच. रास्टरस्टॅट्स लायब्ररीचं झोनल स्टॅटिस्टिक्स (प्रत्येक पॉलिगॉनमधल्या रास्टरचे आकडे) सीआरएस जुळवत नाही, ते तुम्हीच आधी जुळवायचं.

तोच सेल दोनदा

भूमितीच्या कॉलममध्ये ५०० मीटरचा बफर परत साठवणारा सेल दोनदा चालवला, की बफर १००० मीटरचा होतो. नोटबुक बघून ते ओळखता येत नाही. मूळ डेटाफ्रेमवर कधीच परत लिहू नका, प्रत्येक टप्प्याला नवं नाव द्या. निकाल कुणाला देण्याआधी कर्नल (कोड चालवणारी प्रक्रिया) रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली चालवा.

साठवणं आणि इन्स्टॉल करणं

शेपफाइलमध्ये कॉलमचं नाव १० अक्षरांपर्यंतच टिकतं, उरलेलं कापलं जातं. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइल प्रकार वापरा.

पिप आणि कोंडा ही इन्स्टॉल करण्याची दोन साधनं एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये मिसळली, की प्रोज या प्रक्षेपणाच्या लायब्ररीच्या दोन प्रती येतात आणि ‘प्रोज डॉट डीबी’ची एरर सुरू होते. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने ‘प्रोज_लिब’ हे व्हेरिएबल सेट करून ठेवलं असेल, तरी हेच होतं. दुरुस्त करत बसण्यापेक्षा कोंडा-फोर्जवरून सगळं एकत्र घेऊन नवं एन्व्हायर्नमेंट बनवा. जुन्या धड्यांतला जिओपांडासचा नमुन्याच्या नकाशांचा ‘डेटासेट्स’ विभाग २०२४ मधल्या १.० आवृत्तीत काढून टाकला आहे. तो कोड चालला नाही, तर तुमच्या इन्स्टॉलेशनमध्ये काही बिघडलेलं नाही; नॅचरल अर्थ या मोफत नकाशा-डेटाची फाइल वेगळी उतरवून वाचा.