जुनी नोकरी घर दाखवताना कामाला लावा

दुसऱ्या क्षेत्रातून घरांच्या खरेदी-विक्रीत आलेले एजंट ओळख करून देताना जुनं पद सांगतात आणि थांबतात. ग्राहकाला पदाशी काही देणंघेणं नसतं.

1. पद बाजूला ठेवा. तिथे रोज हाताने काय करत होतात, ते क्रियापदांत लिहा: समजावणे, मोजणे, तक्रार ऐकणे, हिशेब जुळवणे.

2. त्यातलं एकच काम निवडा आणि घर दाखवताना ते करून दाखवा. नर्स होतात? घरात वयस्कर माणूस असेल तर टेप काढून बाथरूमचं दार मोजा. व्हीलचेअर सहज जायला साधारण 32 इंच मोकळी रुंदी लागते, आणि ती चौकटीची नव्हे, दार पूर्ण उघडल्यावर उरलेल्या जागेची धरायची. उंबरा किती वर आहे, आधाराचा दांडा बसवायला भिंत भक्कम आहे का, तेही बघा. एवढ्यावर ग्राहक स्वतःहून विचारतो, ‘तुम्ही आधी काय करायचात?’ मग सांगा. शिक्षक असाल तर कर्जाचा हप्ता कागदावर मांडून समजावा. व्याज आणि मुद्दल वेगळे दिसले की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

3. जाहिरातीत ‘अनुभवी’ऐवजी तेच काम एका ओळीत लिहा.

एक मात्र सांभाळा. माजी इंजिनिअरने भिंतीच्या भेगेवर सहज दिलेलं मत लोक दाखल्यासारखं धरून बसतात. शंका दाखवा, तपासणी त्या कामाच्या अधिकृत माणसाकडून करून घ्यायला सांगा. जुन्या कंपनीच्या ग्राहकयादीला तर हातही लावू नका.