आधी चिप, मग ट्रॅकर: चिप म्युझिक करताना या चुका टाळा

"मामा, सगळ्यात भारी ट्रॅकर कुठला?" भाच्याने विचारलं तेव्हा आम्ही घणसोलीहून ठाण्याला निघालो होतो, रबाळे नुकतंच गेलं होतं. ट्रॅकर म्हणजे ओळीमागून ओळ सूर लिहून गाणं बनवायचं सॉफ्टवेअर, आणि चिप म्युझिक म्हणजे जुन्या गेम-कॉम्प्युटरच्या आवाजाच्या चिपसारखं वाजणारं संगीत. पठ्ठ्याने ओपनएमपीटी हा ट्रॅकर आधीच उतरवून घेतला होता, त्यात गिटारचं सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा, टाकलं होतं, आणि 'जुन्या गेमसारखं वाजत नाही' म्हणून तोंड पाडून बसला होता.

सॉफ्टवेअरचा काही दोष नव्हता. ओपनएमपीटी, मिल्कीट्रॅकर ही मंडळी अमिगा या जुन्या कॉम्प्युटरच्या घराण्यातली. कार्स्टन ओबार्स्कीने १९८७ साली अल्टिमेट साउंडट्रॅकर आणला तेव्हापासून या घराण्याची रीत एकच: सॅम्पल द्या, ते वेगवेगळ्या सुरांत वाजवून देतो. गिटार दिली तर गिटारच वाजणार. यातही चिपचा आवाज काढता येतो, पण त्यासाठी एका लाटेएवढं इवलंसं सॅम्पल लूप करावं लागतं. खऱ्या चिपची नक्कल करणारे ट्रॅकर वेगळे. म्हणून 'भारी कुठला' हा प्रश्न नंतरचा. कानात कुठल्या मशीनचा आवाज बसलाय, ते आधी ठरवा.

टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमचा, म्हणजे निन्टेन्डोच्या एनईएसचा, आवाज हवा असेल तर फॅमिट्रॅकर. मूळ फॅमिट्रॅकरचं काम थांबून बरीच वर्षं झाली, तेव्हा डीएन-फॅमिट्रॅकर घ्या. कमोडोर ६४ साठी गोटट्रॅकर. झेडएक्स स्पेक्ट्रमच्या एवाय चिपसाठी व्होर्टेक्स ट्रॅकर. गेमबॉयसाठी एलएसडीजे, जो चक्क गेमबॉयवरच चालतो, किंवा कॉम्प्युटरवर ह्यूजट्रॅकर. फर्नेसमध्ये यातल्या सगळ्या चिप आहेत आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. मी आज तोच वापरतो. पण नवशिक्याने पहिल्याच दिवशी तो उघडला तर चिपची ती लांबलचक यादी बघूनच दमायला होतं. उघडलात तर एकच चिप निवडा आणि महिनाभर बाकीच्यांकडे बघू नका.

आता माझी स्वतःची फजिती. अमिगाच्या पद्धतीवरचा एक धडा वाचून मी फॅमिट्रॅकरमध्ये आवाज पूर्ण करायला 'सी ४०' अशी कमांड लिहिली. गाणं त्या ओळीवर गप्प. परत लावलं, परत तिथेच गप्प. साउंड कार्ड बदलायचा विचार करेपर्यंत माझी मजल गेली होती! अमिगाच्या मॉड फाइलमध्ये सी म्हणजे व्हॉल्यूम, फॅमिट्रॅकरमध्ये सी म्हणजे 'गाणं थांबव'. व्हॉल्यूमला तिथे वेगळा रकाना असतो, ० ते एफ. गंमत म्हणजे अर्पेजिओचा (कॉर्डचे सूर झपाट्याने एकामागून एक वाजवण्याचा) शून्य दोन्हीकडे तोच: ०४७ लिहिलं की मेजर, ०३७ लिहिलं की मायनर. त्यामुळे सगळंच सारखं असेल असं वाटतं आणि माणूस फसतो. एका ट्रॅकरचा धडा दुसऱ्यात वापरण्याआधी त्याची इफेक्टची यादी उघडून बघा.

'ट्रँगलचा आवाज कमी होत नाही' ही तक्रार तर हमखास येते. होणारच नाही. एनईएसच्या २ए०३ चिपमध्ये दोन पल्स (चौकोनी लाट), एक ट्रँगल (त्रिकोणी लाट), एक नॉइज (खरखर) आणि सॅम्पलसाठी एक, असे पाच चॅनेल. त्यातल्या ट्रँगलला व्हॉल्यूमच नाही, एकतर चालू नाहीतर बंद. त्यावर वाजणारा बेस जड वाटत असेल तर सूर आखूड तोडा. फोनच्या स्पीकरवर तोच बेस गायब होतो, तेव्हा हेडफोनवर ऐकल्याशिवाय त्याला हात लावू नका. तसंच एवायमध्ये तीन चॅनेल असले तरी नॉइज जनरेटर एकच असतो. ढोल एका चॅनेलवर आणि ताशा दुसऱ्यावर, दोघांना वेगळा नॉइज, असं तिथे जमत नाही. दोघांना आलटून पालटून वाजवावं लागतं.

लय बिघडली तर आधी हर्ट्‌झ तपासा. स्पीड ६ म्हणजे एका ओळीला ६ टिक, म्हणजे ट्रॅकरच्या घड्याळाचे ६ ठोके. सेकंदाला ६० टिक असतील तर १० ओळी होतात, आणि चार ओळींची एक मात्रा धरली तर मिनिटाला १५० मात्रा. तीच फाइल ५० हर्ट्‌झवर लावली की १२५. गाणं अचानक सुस्तावलं असेल तर नव्वद टक्के वेळा एनटीएससी (६०) आणि पाल (५०) या टीव्हीच्या दोन पद्धतींचा घोळ असतो.

यापुढची अडचण आपल्याकडची, परदेशी धड्यांत ती सापडणार नाही. भाच्याला दादऱ्यात काहीतरी करायचं होतं. सहा मात्रा, मात्रेला चार ओळी, म्हणजे आवर्तन २४ ओळींचं. पॅटर्न, म्हणजे गाण्याचा एक तुकडा, मात्र ६४ ओळींचा. ६४ ला २४ ने भाग जात नाही, त्यामुळे तिसऱ्या आवर्तनाचे मध्येच दोन तुकडे होतात आणि सम प्रत्येक पॅटर्नमध्ये सरकत जाते. केरव्याला हा त्रास नाही, कारण त्याच्या ३२ ओळी ६४ मध्ये दोनदा बरोबर बसतात. मॉड फाइलमध्ये पॅटर्न ६४ ओळींचाच, तिथे डी कमांड टाकून मध्येच पुढच्या पॅटर्नवर उडी मारावी लागते. एक्सएम फाइल, फॅमिट्रॅकर आणि फर्नेसमध्ये लांबी बदलता येते: दादऱ्याला ४८, रूपकला ५६. तेव्हा सहा-सात मात्रांत काम करणार असाल तर ट्रॅकर निवडतानाच हे बघा.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ठाण्यात लहानपणी जो '९९९९९९ इन १' वाला गेम खेळलो, त्याच्या कॅसेटचा आवाज फॅमिट्रॅकरमध्ये कधी तंतोतंत लागत नव्हता. असे गेम म्हणजे बहुतेक नकली फॅमिकॉम (एनईएसचं जपानी रूप), आणि तसल्या अनेक मशीनच्या चिपमध्ये पल्सची २५ आणि ५० टक्के ड्यूटी (लाट किती वेळ वर राहते ते प्रमाण) उलटसुलट असते. म्हणजे आमच्या कानात बसलेला आवाजच मुळात उलटा असणार. तो हवा असेल तर दोन्ही आकडे आपल्या हाताने अदलाबदल करून बघा.

की दाबल्यावर सूर उशिरा येत असेल तर सेटिंगमध्ये शिरण्याआधी ब्लूटूथ काढून वायरवाला हेडफोन लावा. तरीही उशीर होत असेल तर बफर कमी करा. कमी करता करता आवाज तुटायला लागला की एक पायरी परत वर.

ऐरोली गेल्यावर भाच्याने पॅटर्नची लांबी ४८ केली, ठेका लावला, सम जागेवर आली. मग स्क्रीन माझ्यापुढे धरून म्हणाला, "पण मामा, ४८ केलं ना? शेवटच्या ओळीवर २एफ का दिसतंय?"

"सत्तेचाळीस आहे ते," मी म्हणालो. "मोजणी शून्यापासून, आणि सोळाच्या पायावर: नऊनंतर ए ते एफ, मग १०."

"मग आधी नाही का सांगायचं!"