मुंबईच्या पेढीवरचा ‘कर्नल’ कागदपत्रांत कसा शोधावा

पेढीवरच्या इंग्रज साहेबाच्या नावाआधी ‘कर्नल’ दिसला की थेट हिंदी सैन्याच्या याद्या उघडल्या जातात. तिथे नाव नसतं आणि शोध अडतो. 1869 च्या व्हॉलंटिअर कायद्यानंतर मुंबईतले अनेक व्यापारी अधिकारी झाले ते स्वयंसेवक पलटणींत: बॉम्बे व्हॉलंटिअर रायफल्स, बॉम्बे लाइट हॉर्स. म्हणून आधी पलटण ओळखा. नावापुढे ‘व्ही.डी.’ (स्वयंसेवक अधिकाऱ्यांना मिळणारं मानचिन्ह) असेल तर माणूस नक्की स्वयंसेवक. या तुकड्या 1917 साली इंडियन डिफेन्स फोर्समध्ये आणि 1920 साली ऑक्झिलिअरी फोर्समध्ये गेल्या, तेव्हा पलटणीचं नाव बदललं म्हणून बदली झाली असं धरू नका.

मग वहीत सहा रकाने आखा: वर्ष, गाव, पेढी, पद (पेढीतलं), हुद्दा (पलटणीतला), पुरावा. एका वर्षाला एक ओळ. पुराव्याचा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ पेन्सिलीनेच लिहा.

धंद्याची बाजू थॅकर्स डिरेक्टरीत, म्हणजे पेढ्या आणि रहिवाशांच्या वार्षिक नामसूचीत सापडते. 1885 पासून ती सगळ्या हिंदुस्थानची आहे. नाव पेढीखाली पाहा आणि रहिवाशांच्या यादीतही पाहा. ‘असिस्टंट’, मग ‘साइन्स पर प्रो’ (पेढीच्या वतीने सहीचा अधिकार), मग ‘पार्टनर’ अशी चढण दिसते, आणि बढतीचं खरं वर्ष इथेच हाती लागतं. अंक जानेवारीचा असला तरी मजकूर आदल्या वर्षातला असतो. मध्ये एखादं वर्ष नाव गायब झालं तर नोकरी सुटली म्हणू नका, साहेब फर्लोवर (लांब रजेवर) विलायतेला गेलेला असू शकतो.

एकाच नावाचे दोघे निघाले की चर्चची नोंद कामाला येते. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस (हिंदुस्थानचा कारभार पाहणारं लंडनचं खातं) दप्तरात एन/3 मालिकेत आहेत. लग्नाच्या नोंदीतलं वडिलांचं नाव जुळवा. पण या लंडनला धाडलेल्या नकला आहेत, उतरवणाऱ्याच्या चुका गृहीत धरा.

1914-18 च्या कमिशनसाठी (सैन्यातल्या अधिकारपदाच्या नेमणुकीसाठी) लंडन गॅझेट हे ब्रिटिश सरकारी राजपत्र पाहा. प्रसिद्धीची तारीख आणि हुद्दा लागू झाल्याची तारीख वेगवेगळ्या असतात, दोन्ही टिपा.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात नुसतं नाव सांगून काही हाती लागत नाही. खातं, वर्ष आणि खंड क्रमांक सूचीतून काढूनच मागणी-चिठ्ठी भरा.