पहिलारू कालवडीला वळू निवडताना आधी जन्मवजन विचारा

एप्रिलमध्ये भरवलेली गाय जानेवारीत विते. गाभणकाळ सरासरी 283 दिवसांचा. आज तुम्ही वळूच्या वीर्याची जी कांडी निवडाल, तिचा हिशेब ऐन थंडीत, बहुधा मध्यरात्री गोठ्यात होणार आहे. आणि थंडी कडक पडली की वासरे जन्मतःच जास्त भरतात. म्हणून भरवणीच्या आधी हे वाचा, नंतर वाचून उपयोग नाही.

प्रदर्शनासाठी जनावरे पाळणाऱ्यांकडे मी वर्षानुवर्षे एकच चूक पाहत आलो आहे. वळूचा फोटो बघतात, रुंद छाती, जाड हाड, अंगभर केस बघतात, आणि जन्मवजन विचारतच नाहीत. तोच वळू पहिलारू कालवडीला लावतात. मग वासरू अडते. वासरू जाते, कधी कालवडही जाते. वाचली तर मागच्या पायातली ताकद जाऊन बसून राहते, वार अडकते, पुढे माजावर उशिरा येते. वासरू अडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वासराचे वजन आणि आईच्या कमरेच्या हाडांतली वाट यांचा मेळ न बसणे. वजनाची ती बाजू भरवणीच्या दिवशी पुष्कळशी आपल्या हातात असते.

विक्रेता सांगतो, ‘वळू स्वतः 36 किलोचा जन्मला होता.’ एवढ्यावर विसंबू नका. त्या आकड्यात त्याच्या आईचे वय, तिचा चारा, त्या वर्षीची थंडी, सगळे मिसळलेले असते. बघायचा तो ईपीडी (एक्स्पेक्टेड प्रोजेनी डिफरन्स), म्हणजे दुसऱ्या वळूंच्या वासरांच्या तुलनेत त्याच्या वासरांत सरासरी किती फरक पडेल याचा अंदाज. एका वळूचा जन्मवजनाचा ईपीडी +1 पौंड आणि दुसऱ्याचा +5 असेल, तर तशाच गायींवर दुसऱ्याची वासरे सरासरी 4 पौंडांनी, म्हणजे पावणेदोन किलोंच्या आसपास जड निघतील. जिथे सुलभ प्रसूतीचा वेगळा ईपीडी दिलेला असतो, तिथे कालवडींसाठी तोच आधी बघा, कारण जन्मवजनाचा हिशेब त्यात धरलेला असतो. एका जातीचा ईपीडी दुसऱ्या जातीच्या ईपीडीशी थेट ताडू नका.

आकड्याशेजारी अचूकता छापलेली असते, 0 ते 1. नव्या वळूची कमीच असणार. अचूकता कमी असलेला वळू जुन्या, दोन-तीन वेत झालेल्या गायींवर आजमावा. कालवडीवर प्रयोग नको.

प्रदर्शनासाठीच्या संकरित वळूंना बरेचदा ईपीडीच नसतो. कॅटलॉगात फक्त ‘कालवडींना चालतो’ असे लिहिलेले असते. तेव्हा तीन प्रश्न विचारा. किती कालवडींना लावला? किती विनामदत व्यायल्या? वासरे काट्यावर तोलली की नजरेने? तिसऱ्या प्रश्नाला विक्रेता अडखळला, तर ती कांडी कालवडीसाठी घेऊ नका.

संशोधन सांगते की वासरू अडण्यात त्याच्या अंगाच्या ठेवणीपेक्षा वजनाचाच वाटा मोठा. तरीही माझा अनुभव म्हणून सांगतो, ज्या वळूच्या पुढच्या पायाचे हाड मनगटासारखे जाड आणि खांदे पुढे आलेले, तो आकड्यांत बरा दिसला तरी मी कालवडीला लावत नाही.

मेन-अँजू किंवा शॉर्टहॉर्न या जातींचे रक्त असेल, तर टीएच (टिबियल हेमिमेलिया) आणि पीएचए (पल्मनरी हायपोप्लेझिया विथ अ‍ॅनासार्का) या दोन आनुवंशिक दोषांची डीएनए तपासणी झाल्याशिवाय भरवू नका. पीएचएच्या वासराची फुफ्फुसे वाढत नाहीत आणि अंगात पाणी भरते. ते इतके फुगू शकते की गायीचा जीव धोक्यात येतो. तिथे हलक्या जन्मवजनाचा वळूही वाचवत नाही. टीएचमध्ये मागच्या पायांची हाडे नीट घडत नाहीत, असे वासरू जगत नाही. वाहक जनावर, म्हणजे दोषाचे एकच जनुक असलेले, दिसायला अगदी निरोगी असते, कधी प्रदर्शनात पहिलेही येते. वाहकाला वाहक लावला की प्रत्येक वेळी चारात एक वासरू बाधित होण्याची शक्यता. कालवडीचीही तपासणी करा, नुसत्या वळूची नको.

शेवटच्या तीन महिन्यांत चारा तोडला की वासरू लहान राहील, हा समज सोडा. आई अशक्त होते, कळा कमी पडतात, चीक पातळ येतो, आणि वासरू अडायचे ते अडतेच. उलट प्रदर्शनासाठी चरबी चढवलेल्या कालवडीची वाट आतल्या चरबीनेच अरुंद होते. 1 (अगदी हाडकुळी) ते 9 (अति लठ्ठ) या मापात शरीरस्थिती 5 ते 6 ठेवा. ‘सुलभ प्रसूतीची’ म्हणून गळ्यात मारतात त्या पावडरी आणि टॉनिकांवर पैसे घालू नका. त्या पैशांत तोलकाटा येतो, निदान खुराच्या घेरावरून वजन सांगणारी फीत तरी नक्की येते.

बाकीची नेहमीची कामे:

- भरवताना कालवड प्रौढ वजनाच्या सुमारे 65 टक्के, विताना 85 टक्के.
- भरवण्याआधी पशुवैद्यकाकडून कमरेच्या वाटेचे माप. सर्वांत अरुंद कालवडी बाजूला. माप चांगले आले म्हणून जड वळू नाही.
- भरवल्याची तारीख आणि वळूचे नाव वहीत.
- पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसल्यावर कालवडीत तासाभरात, जुन्या गायीत अर्ध्या तासात प्रगती नसेल तर पशुवैद्यक.
- ओढायचे तर कळेबरोबर, भरपूर वंगण लावून, दोन माणसांच्या ताकदीपेक्षा जास्त नाही. ट्रॅक्टर कधीही नाही.
- ऑक्सिटोसिन स्वतःहून टोचायचे नाही.
- नाळेला 7 टक्के आयोडीन.
- पहिल्या दोन-चार तासांत 3 ते 4 लिटर चीक.

वासरू सुकले की 24 तासांच्या आत तोला. वळू, आई, नर की मादी, मदत लागली की नाही, हे सगळे त्याच ओळीत लिहा. दोन-तीन हंगामांत तुमच्याच गोठ्याचे आकडे कॅटलॉगपेक्षा खरे बोलू लागतील. अडून मेलेले वासरूही तोलल्याशिवाय पुरू नका. त्या दिवशी काट्याकडे जायचे कोणाच्याच मनात नसते, मला ठाऊक आहे. पण वहीत फक्त जगलेल्यांचीच वजने राहिली, तर तो वळू हलका दिसतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा कालवडीला लावला जातो.