इंग्रजीत ‘चाललंय’ कसं सांगायचं: प्रेझेंट कंटिन्युअस स्टेप बाय स्टेप

डिचोलीत माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी शिकायला येतात त्यात हॉटेलात काम करणारे जास्त, आणि ‘ॲम, इज, आर, पुढे आयएनजी’ हे सगळ्यांना पाठ असतं, शाळेतच झालेलं असतं, पण समोर गिऱ्हाईक उभं राहिलं की गाडी अडते. मी त्यांना एकच सांगते, फॉर्म्युला नंतर, आधी स्वतःचं मराठी नीट ऐका.

‘मी चहा पितो’ आणि ‘मी चहा पितोय’. पहिलं सवयीचं, दुसऱ्यात कप आत्ता हातात आहे. पहिल्याचं ‘आय ड्रिंक टी’, दुसऱ्याचं ‘आय ॲम ड्रिंकिंग टी’. म्हणजे पितोय, करतेय, येतायत असं काही तोंडात आलं की समजायचं, इथे बहुतेक कंटिन्युअस लागणार. घरात कोंकणी असेल तर मात्र जरा थांबा, कारण ‘हांव वतां’ म्हणजे मी जातो पण आणि मी जातोय पण, म्हणून वाक्य आधी मनात मराठीत आणा, मग फरक दिसतो.

आता जोडणी. आय असेल तर ॲम, ही, शी, इट किंवा एकच माणूस असेल तर इज, वी, यू, दे असेल तर आर, आणि क्रियापदाला आयएनजी. दोन्ही तुकडे पाहिजेतच. ‘शी कुकिंग’ पण चूक आणि ‘शी इज कुक’ पण चूक. पावसाला ‘इट’ विसरू नका, ‘इट इज रेनिंग’, जून ते सप्टेंबर गोव्यात हे वाक्य रोज उपयोगी पडतं.

स्पेलिंगचं थोडक्यात सांगते. मेकच्या शेवटचा ई मुका आहे, तो मेकिंगमध्ये जातो. रन, सिट, स्विम अशा छोट्या शब्दांत शेवटी एकच स्वर आणि एकच व्यंजन असेल तर ते व्यंजन डबल होतं, रनिंगमध्ये दोन एन. रेनमध्ये ए आणि आय दोन स्वर आहेत म्हणून रेनिंगला एन एकच. लायचं लाइंग करताना आय-ई जाऊन वाय येतो.

नाही म्हणायला मधे नॉट, ‘ही इज नॉट वर्किंग टुडे’. प्रश्नात इज किंवा आर कर्त्याच्या आधी आणा, ‘व्हॉट आर यू डुइंग?’. मराठीत ‘तू काय करतोयस’ मध्ये काही हलवावं लागत नाही ना, म्हणून ‘व्हॉट यू आर डुइंग’ असं येतं तोंडात, ते मुद्दाम मोडायचं.

आता मराठी जिथे फसवतं त्या जागा, इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. ‘मॅनेजर आत बसलेत’. मराठीत बसून झालंय, म्हणून लोक ‘हॅज सॅट’ म्हणतात, पण इंग्रजीला ती बसलेली स्थिती अजून चालू दिसते, ‘द मॅनेजर इज सिटिंग इनसाइड’. तसंच बाळ झोपलंय, ‘द बेबी इज स्लीपिंग’, ती निळी साडी नेसलीय, ‘शी इज वेअरिंग अ ब्लू सारी’.

दुसरी जागा याच्या उलट. मला कळतंय, मला आठवतंय, मला चहा हवाय. ऐकायला सगळं चालू वाटतं, पण इंग्रजीत ‘आय अंडरस्टँड’, ‘आय रिमेंबर’, ‘आय वॉन्ट टी’, साधा वर्तमानकाळ. माझी खूण अशी की वाक्य ‘मी’ ऐवजी ‘मला’ ने सुरू झालं की आयएनजी लावायच्या आधी थांबायचं. शंभर टक्के चालत नाही, ‘मला थंडी वाजतेय’ ला ‘आय ॲम फीलिंग कोल्ड’ चालतं, पण बऱ्याच चुका वाचतात. हॅवचं पण असंच, माझ्याकडे स्कूटर आहे म्हणजे ‘आय हॅव अ स्कूटर’, हॅविंग नाही, पण चहा घेतोय म्हणजे ‘आय ॲम हॅविंग टी’ बरोबर.

आणि ‘दहा वर्षं म्हापशात राहतोय’ असं मागचं मोजून सांगायचं असेल तर हा काळ पुरत नाही, ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन म्हापसा फॉर टेन इयर्स’ म्हणावं लागतं.

पुढच्या ठरलेल्या गोष्टीला मात्र दोन्ही भाषा सारख्याच चालतात, चतुर्थीला आम्ही गावी जातोय, ‘वी आर गोइंग टू अवर व्हिलेज फॉर चतुर्थी’. पण कदंबा, म्हणजे गोव्याची सरकारी बस, सहाला सुटते हे टाइमटेबल झालं, तिथे ‘द बस लीव्ज ॲट सिक्स’.

सराव बेतीच्या फेरीबोटीत करा. पणजीहून पलीकडे जाईपर्यंत जे दिसेल ते हळू आवाजात बोलत राहायचं, अ मॅन इज स्टार्टिंग हिज बाईक, टू गर्ल्स आर लाफिंग, द बोट इज टर्निंग, आणि कोणी बाकावर बसलेलं दिसलं की तिथे ‘इज सिटिंग’ आठवणीने म्हणायचं.