शांतारामबापूंचे सिनेमे जोडीने बघा

गेल्या दिवाळीत भाची राहायला आली होती. मोबाइलवर ‘नवरंग’मधला एक नाच बघून तिने विचारलं, “मावशी, तू ज्यांचं एवढं कौतुक करतेस ते दिग्दर्शक व्ही. शांताराम हेच का?” त्याच संध्याकाळी शेजारचे आप्पा चहाला आले. ऐंशी उलटलेले, बापूंच्या सुरुवातीच्या प्रभात फिल्म कंपनीचे भक्त. ते म्हणाले, “प्रभात सोडली तिथेच माणूस संपला. पुढे नुसता रंगाचा डबा.” एकीने फक्त शेवट बघितलेला, दुसऱ्याने फक्त सुरुवात धरून ठेवलेली. त्या रात्री मी कागद घेऊन बसले आणि कुठला सिनेमा कशासोबत दाखवायचा ते लिहून काढलं. तोच क्रम इथे देते आहे.

मी आटपाडीकडची. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. शांतारामबापूंचा पहिला सिनेमा मी जत्रेतल्या तंबूत बघितला, ‘पिंजरा’, आजीच्या मांडीवर बसून. त्यामुळे माझं मत तटस्थ आहे असं मी म्हणणार नाही. पण बघायची रीत मात्र घासून-पुसून घेतलेली आहे.

आधी खातं नीट लावून घ्या. प्रभातचं जे जे चांगलं ते सगळं लोक बापूंच्या नावावर जमा करतात. ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हे प्रभातमधल्याच दामले-फत्तेलाल या दिग्दर्शक जोडीचे. ‘रामशास्त्री’ आला तेव्हा बापू प्रभातमधून बाहेर पडून दोन वर्षं झाली होती. आप्पांच्या यादीतले पहिले दोन सिनेमे असेच गळले, आणि ते बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्याचं श्रेय काढून घेतलं तरी बापूंकडे भरपूर उरतं. ‘अयोध्येचा राजा’, ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे त्यांचेच.

दुसरं म्हणजे सालाच्या क्रमाने बघू नका. १९२७ च्या ‘नेताजी पालकर’पासून १९८७ च्या ‘झंझार’पर्यंत साठ वर्षांचा पसारा आहे. ओळीने बघत गेलात तर चढण आणि मग उतार एवढंच दिसेल, आणि हे तर आप्पा न बघताच सांगतात. जुना एक आणि नंतरचा एक, असे दोन सिनेमे घ्या. दोघांत काहीतरी समान असलं पाहिजे. मी डोळा निवडला. चित्र शिकवताना मुलांना सगळ्यात जास्त छळतो तो डोळाच, म्हणूनही असेल.

पहिली जोडी ‘अमृतमंथन’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’. प्रभातने पुण्याच्या स्टुडिओत आल्यावर १९३४ साली ‘अमृतमंथन’ केला. हिंदीत राजगुरू झालेत चंद्रमोहन. त्यांचा एकच डोळा पडदाभर येतो आणि त्या डोळ्यात राजालाही वाकवणारी सत्ता दिसते. मराठीतले राजगुरू केशवराव दाते. हेच दाते पुढे ‘कुंकू’त काकासाहेब झाले आणि ‘शेजारी’त जिवबा. तीन माणसं तीन तऱ्हेची, आणि एकातही दुसऱ्याचा वास नाही. दिग्दर्शकाला नटाकडून काम घेता येत होतं की नाही याचं उत्तर इथेच मिळतं.

आता १९५७ चा ‘दो आँखें’ लावा. सहा खुनी कैद्यांना जेलर उघड्या माळावर नेतो, शेती करायला लावतो. बेड्या नाहीत, पहारा नाही, धाक फक्त त्याच्या दोन डोळ्यांचा. आमच्याकडे या गोष्टीला वेगळं वजन आहे. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत औंध संस्थानाच्या काळात सुरू झाली. पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची ती कल्पना. त्यावरून कथा लिहिली गदिमांनी, आणि ते माडगुळ्याचे, म्हणजे आमच्याच मुलखातले. सिनेमाला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘रौप्य अस्वल’ हे बक्षीस मिळालं, पण आजोबा सांगायचे ते स्वतंत्रपूरच्या शेतांबद्दल, बक्षिसांबद्दल नाही.

एवढा जवळचा सिनेमा असूनही जोडीने बघितल्यावर एक गोष्ट खुपते. १९३४ मध्ये ज्या नजरेची भीती बापूंनी आपल्याला दाखवली, तीच नजर १९५७ मध्ये ते देवासारखी पुजायला सांगतात. जेलर चांगला आहे, मान्य. पण कैदी सुधारतात ते विचाराने की धाकाने? भाचीने हा प्रश्न माझ्याआधी विचारला. मला तो आवडला आणि त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तरी माळावरची माती, बैल, काळ्या-पांढऱ्यात तापलेलं ऊन हे सगळं खरं आहे. दोनच वर्षांपूर्वी ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये रंगांची उधळण करून झालेली असताना हा माणूस रंग बाजूला ठेवतो. ‘रंगाचा डबा’ म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हवी.

दुसरी जोडी लोकांना विचित्र वाटेल. ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘नवरंग’ (१९५९).

‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं किंवा रस्त्यावरचं. शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी, फसवून लावलेलं लग्न मानायला तयार नाही, आणि तिच्या नकाराला साथ द्यायला व्हायोलिन येत नाहीत. येते ती भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक. काकासाहेबांचं वय कोणी बोलून दाखवायची गरज राहत नाही. पुढे आरसा फुटतो आणि तुकड्यातुकड्यांत त्यांचाच चेहरा. वस्तू बोलतात आणि माणसं गप्प राहतात, म्हणून नीरा तोंड उघडते तेव्हा अंगावर काटा येतो. कथा ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरची. शेवटी काकासाहेब जीव देतात. ती सुटका खरी की सोयीची, यावर आप्पांचं आणि माझं पटत नाही. मला ती सोयीची वाटते. नीराची लढाई तिलाच जिंकू द्यायला हवी होती.

मग ‘नवरंग’. ‘दो आँखें’तला जेलर बापू स्वतःच. त्या वेळी बैलाशी झुंज घेताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, पट्ट्या बांधून पडून राहावं लागलं. त्या अंधारात दिसलेले रंग म्हणजे हा सिनेमा, असं ते स्वतः सुरुवातीला पडद्यावर येऊन सांगतात. हे कळल्यावर भाचीने तोच नाच पुन्हा लावला. संध्याबाई डोक्याच्या मागे पुरुषाचा मुखवटा लावून एकाच देहातून बाई आणि बुवा दोघं उभे करतात. म्हणजे वस्तूला बोलायला लावायची खोड तीच, ‘कुंकू’तली. फरक इतकाच की तिथे घड्याळ एकदा बोलून थांबतं, इथे प्रत्येक वस्तू ओरडते आणि वर सतारही वाजते. माझं मत इथे पक्कं झालं. बापूंचं बळ आणि बापूंचा दोष एकच आहे. आपल्याला कळेल असा विश्वास ते ठेवतात तेव्हा सिनेमा उंच जातो. तो विश्वास सुटला की तेच चित्र ते तीनदा गिरवतात. वर्गात हुशार मुलांचं असंच व्हायचं. सुंदर रेघ काढायची आणि मग भीतीने ती जाड करत बसायचं.

तिसऱ्या जोडीला एक अख्खा रविवार द्या. ‘माणूस’ (१९३९) आणि ‘पिंजरा’ (१९७२). दोन्हीकडे एक सरळमार्गी पुरुष आणि समाजाने खालची ठरवलेली बाई. ‘माणूस’मधला हवालदार गणपत मैनेला घरी, आईपुढे घेऊन जातो. शांता हुबळीकरांची मैना ‘कशाला उद्याची बात’ म्हणते तेव्हा त्यातली उदासी तिची स्वतःची आहे. कॅमेरा तिच्या बाजूला उभा राहतो. ‘पिंजरा’त राम कदमांचं संगीत, खेबुडकरांचे शब्द, डॉ. लागूंचे गुरुजी, निळू फुले. मी आजही गाणं लागलं की हातातलं काम टाकते. पण कथा कोणाची, ते विचारून बघा. गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातात, गावाच्या मनातला आदर्श टिकावा म्हणून. तमाशातली चंद्रकला मात्र बराच काळ केवळ त्यांच्या घसरणीचं कारण असते. तेहतीस वर्षांनी कॅमेरा बाजू बदलून गुरुजींकडे गेला. मांडीवर बसून बघितलेला सिनेमा असला तरी हे मला लिहावंच लागेल.

‘शेजारी’ला जोडी नको. जिवबा आणि मिर्झा हे हिंदू-मुसलमान शेजारी, बुद्धिबळाचा पट, गावात कालवलेलं विष आणि धरण. एका बैठकीत बघा, मध्ये फोन उचलू नका. ‘दहेज’, ‘सेहरा’, ‘जल बिन मछली’ हे हिशेब पुरा करायचा असेल तरच.

एक काळजी घ्या. प्रभातने बरेच सिनेमे मराठी आणि हिंदी दोन्हीत केले. मराठी प्रत मिळत असेल तर तीच लावा. ‘कुंकू’ची हिंदी प्रत ‘दुनिया न माने’ वाईट नाही, पण ते घर पुण्या-मुंबईकडचं आहे आणि त्यातलं भांडण मराठीतच नीट ऐकू येतं.

आप्पांनी पहिला नंबर ‘शेजारी’ला दिला, भाचीने ‘माणूस’ला. माझा ‘कुंकू’ला. तो लावाल तेव्हा पंखा बंद ठेवा. आम्ही पहिल्यांदा चालू ठेवला होता, आणि अर्ध्या तासाने भाचीच उठली. म्हणाली, “घड्याळ ऐकू येत नाहीये.” आणि सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला.