सेकंडहँड बाईक घेताय? इंजिनचा आवाज नंतर ऐका, आधी आरसी मागा

मित्र, पाहुणे, शेजारी असं करत मी आत्तापर्यंत पंधरा-वीस तरी जुन्या गाड्या बघायला गेलोय आणि दरवेळी सीन तोच, माणूस गाडीपाशी गेला की किक मारणार, दोनदा रेस देणार, "आवाज एक नंबर" म्हणणार आणि भावावर येणार. अहो, इंजिन बिघडलं तर बोअर-पिस्टनचं काम करून घेता येतं, खर्च होतो पण विषय संपतो. कागदात अडकलात तर कुठलाच मिस्त्री कामाचा नाही.

पहिली चूक माझीच सांगतो. पहिली गाडी, दीडशे सीसी, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग, सिंगल हँड म्हणजे एकाच मालकाची, टायर नवे. आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाची, झेरॉक्स बघितली, ओरिजिनल "घरी आहे, उद्या देतो", आणि मी येडा पाच हजार टोकन देऊन आलो. ओरिजिनल हातात आल्यावर बघतो तर त्यावर लोनचा बोजा तसाच. विकणारा म्हणाला हप्ते कधीच संपलेत, आणि ते खरंच होतं! पण हप्ते संपले म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप उतरतोच असं नाही ना, आणि फायनान्सवाल्याची आमच्या गावातली ब्रँच बंद झालेली. सात महिने गेले त्यात. त्यामुळे आरसीवर एचपी (म्हणजे हाच लोनचा बोजा) दिसत असेल तर बँकेची एनओसी म्हणजे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा, बँकेचा सही-शिक्का असलेला फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, समोरचा सख्खा मावसभाऊ असला तरी.

दुसरी चूक, आरसीवर नाव कोणाचं आणि गाडी विकतंय कोण हे न बघणं. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला की इन्शुरन्स, पीयूसी कधीपर्यंत ते कळतं, पण मालकाचं नाव अर्धं झाकलेलं येतं म्हणून ओरिजिनल आरसी आणि आधार शेजारी ठेवूनच बघा. गावाकडं तर गाडी वडलांच्या नावावर, वडील वारलेले आणि विकतोय मुलगा, असं सर्रास असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने ट्रान्सफर झाली पाहिजे, बाकीच्या वारसांची ना हरकत लागते, आणि ते काम विकणाऱ्यानं करायचं, तुम्ही नाही. ई-चलान पण त्याच बसण्यात चेक करा, थकलेला दंड तिथंच किमतीतून कापून घ्या, नंतर कोण फोन उचलतंय.

तिसरी आणि सगळ्यात कॉमन, "२९-३० वर सह्या करून देतो, नाव सावकाश लावा". २९-३० म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म. सावकाश म्हणजे कधीच नाही! कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव लावायला अर्ज करायचा. आता बरीच प्रोसेस ऑनलाइन आहे, विकणाऱ्याच्या मोबाईलवर ओटीपी जातो, म्हणून तो माणूस समोर असतानाच अर्ज भरून टाका. विकणाऱ्यांनीही ऐका, २०१८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, म्हणजे तुम्ही विकलेल्या गाडीनं अपघात झाला तर भरपाईसाठी नोटीस तुमच्या दारात. इन्शुरन्सचंही तसंच, १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करा, नाहीतर आपल्याच गाडीच्या नुकसानीचा क्लेम लटकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, मात्र जुन्या मालकाकडंच राहतो, त्यावर हुज्जत घालू नका.

जीए किंवा केए, म्हणजे गोवा किंवा कर्नाटक पासिंगची गाडी स्वस्त मिळते म्हणून सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडची पोरं उड्या मारतात. तिथल्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स, नवा नंबर, एवढं सगळं धरून हिशोब करा, बऱ्याचदा इथलीच परवडते.

आता गाडी. बघायला जाताना सांगून ठेवा की चालू करून ठेवू नका, आणि गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. गरम लागलं तर समजा सकाळी सुरू व्हायला त्रास देते, चहा घ्या, थंड होऊ द्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलेत. मीटरवर १८ हजार आणि फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, ब्रेकचं पेडल घासून चकाकतंय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, नक्षी कितीही चांगली दिसली तरी जुनं रबर पावसात घसरतं. चेसी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, हँडलखाली मानेपाशी असतो, फडक्यानं पुसून आरसीशी एकेक अक्षर जुळवा, घासल्यासारखं वाटलं तर सरळ घरी या.

आमच्याकडं अजून एक भानगड, पुरात बुडालेल्या गाड्या. २०१९ आणि २०२१ ला कोल्हापूर-सांगलीत कितीतरी गाड्या पाण्यात होत्या, नंतर धुवून-पुसून कुठं कुठं गेल्या देव जाणे. सीट काढा, खाली कोपऱ्यात वाळलेला गाळ आहे का बघा, वायरिंगचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, उघडून हिरवट गंज आहे का बघा, मीटरच्या काचेत आतून वाफ धरलीय का बघा. अशी गाडी पहिले चार महिने नीट चालते आणि मग एकेक लाईट जायला लागतो.

घेऊन झाल्यावर सगळ्यात जास्त तक्रार येते ती गाडी एका बाजूला ओढते याची. लगेच फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, उघडायला देऊ नका. आधी दोन्ही टायरची हवा बघा, मग चेन ॲडजस्टरवर दोन्हीकडं खुणा असतात त्या सारख्या आहेत का बघा, कमीजास्त असतील तर मागचं चाक तिरकं बसलंय, पाच मिनिटांचं काम. तेही बरोबर असेल तर मात्र फोर्क नाहीतर चेसी वाकलीय, आणि ते टेस्ट राईडला कळलं नाही कारण मागं मालकाला बसवून आपण गल्लीतल्या गल्लीतच दोन चकरा मारल्या.